गासडीच्या पलीकडचं गाव

रात्रपाळीला ब्लोरूममध्ये गासडीच्या पट्ट्या कापायचं काम माझ्याकडे असतं. आपल्याकडची गासडी १७० किलोची. तिच्यातनं काय निघेल सांगता येत नाही. सुतळी, कोंबडीची पिसं, गुटख्याची पुडी, एकदा तर लहान पोराची एक चप्पल निघाली. ती चप्पल मी आठवडाभर कपाटात ठेवली होती, फेकवत नव्हती. तर अशा कापसात एका रात्री वेगळीच गासडी आली. २२७ किलोची, पांढरीफेक, आत कचऱ्याचं नाव नाही. जॉबर म्हणाला, ऑस्ट्रेलियाचा माल आहे, जपून हात लावा.

जपून हात लावा म्हटलं की आपल्या डोक्यात जे यायचं ते येतंच.

२९ डिसेंबर २०२२ पासून भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात करार लागू आहे. त्यात वर्षाला ५१,००० टन कापूस बिनजकातीचा येतो. हे झालं मालकाच्या कामाचं. मला पाहिजे होतं ते एवढंच, की हा कापूस उगवतो कुठं, त्याला पाणी कुठलं, आणि त्या पाण्याच्या काठावर आधी कोण राहत होतं. एका बाजूला डिक्शनरी, एका बाजूला मोबाइल, असं सहा महिने वाचत बसलो. जे हाती लागलं ते दोस्तांनो तुमच्यासमोर ठेवतो. आपल्या मासिकांतनं हार्लेम येतं, अलाबामा येतं. वॉलगेट कधी आलेलं मी वाचलं नाही.

ऑस्ट्रेलियाचा बराचसा कापूस न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड या दोन राज्यांत पिकतो. पूर्वेला डोंगराची लांबलचक रांग आहे. त्या रांगेतनं नद्या निघतात आणि समुद्राकडं पाठ फिरवून आत, कोरड्या मुलखात जातात. त्यातली एक नमॉय. ती वॉलगेट नावाच्या गावापाशी बारवन नदीला मिळते. वॉलगेट या शब्दाचा अर्थच दोन नद्या भेटतात ती जागा, असा सांगतात. शब्द गोऱ्यांचा नव्हे, गमिलराय लोकांचा. गाव दोनेक हजार वस्तीचं, त्यात मूलनिवासी मोठ्या संख्येनं. गावाबाहेर त्यांच्या दोन वेगळ्या वस्त्या, एकीचं नाव जिंजी, दुसरी नमॉय. मिशन म्हणतात त्यांना. गावकूस ही काही आपल्याच देशाची मक्तेदारी नाही.

तर या दोन नद्यांच्या गावात २०१८-१९ ला दोन्ही नद्या आटल्या. पात्रात चिखल, मग चिखलाच्या पापड्या, मग धूळ. नदी तिथल्या माणसाला निव्वळ पाणी नव्हती. मासा नदीतनं यायचा, शिंपले नदीतनं यायचे, म्हातारी माणसं पोरांना नातीगोती आणि गोष्टी शिकवायची ती नदीकाठीच. ते सगळं एकदम बंद. खाली त्याच पाण्याच्या वाटेवर, बारवन पुढं डार्लिंग होते तिथं, मेनिंडी गावापाशी डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ मध्ये लाखो मासे पोट वर करून तरंगले. त्या नदीला मूळचे लोक बाका म्हणतात.

नदी गेल्यावर वॉलगेटच्या नळाला बोअरचं पाणी आलं. ऑस्ट्रेलियाच्या पोटात फार खोल एक अवाढव्य पाणीसाठा आहे, लाखो वर्षं मुरलेला. त्याचं पाणी गरम येतं आणि त्यात सोडियम असतं. तिथल्या नियमाप्रमाणं पिण्याच्या पाण्यात लिटरला १८० मिलिग्रॅमपर्यंत सोडियम असावं. वॉलगेटच्या नळाला आलं ते ३०० च्या आसपास. सरकारी उत्तर असं की हा आकडा चवीचा आहे, आरोग्याचा नाही. म्हणजे पाणी खारट लागेल, पण प्या. आता ज्याला बी.पी. आहे, ज्याची किडनी गेलीय, त्याला डॉक्टर सांगतो मीठ सोडा. आणि नळ मीठ वाढतो. मूलनिवासींत हे दोन्ही रोग गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त. गावातल्या वडीलधाऱ्यांनी त्या वेळी सांगितलं होतं, की पोरं नळाचं पाणी तोंडात घेत नाहीत, त्यापेक्षा गोड कोल्ड्रिंक पितात. २०१९ च्या जानेवारीत, भर उन्हाळ्यात, तो बोअरही बिघडला. मग लांबच्या शहरांतनं बाटल्यांचे खोके आले. खोक्यांसाठी रांग लागली.

रांग म्हटलं की मला थांबावं लागतं. २०१६ ला मी सोळा वर्षांचा होतो, लातुरात. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तिचे फोटो जगभर छापले. त्याच्याआधी मार्चमध्येच पाण्याच्या जागांभोवती जमावबंदी लागली होती, १४४ कलम. पाण्यापाशी पाचजण उभे राहिले तर गुन्हा. आमच्या गल्लीत टँकर सगळ्यात शेवटी यायचा. शेवटी म्हंजे तळाचं पाणी, गढूळ. आई फडकं लावून गाळायची आणि फडक्यावरचा गाळ आम्हाला दाखवायची, काही न बोलता. त्या टँकरवाल्याला मी जात विचारल्याचं कधी ऐकलं नाही. त्याला विचारायची गरजच नव्हती. कुठली गल्ली आधी, कुठली नंतर, हे त्याच्या जन्माआधी ठरलं होतं.

वॉलगेटचंही आधीच ठरलं होतं. कसं ठरलं तो इतिहास बघू.

१८३० च्या दशकात गोरे मेंढपाळ या मुलखात घुसले. १० जून १८३८ ला, नमॉयच्या उत्तरेला मायल क्रीक इथं, गुराख्यांच्या टोळीनं किमान २८ मूलनिवासी कापले. बाया, म्हातारे, पोरं. त्यातल्या सातजणांना डिसेंबरात फाशी झाली. गोऱ्यांना मूलनिवासींच्या खुनासाठी अशी शिक्षा ही दुर्मीळ गोष्ट. त्यानं कत्तली थांबल्या असं कुणी समजू नये. पुरावा ठेवायचा नाही एवढं मारेकरी शिकले. १८८३ ला सरकारनं त्यांच्या ‘संरक्षणा’साठी मंडळ नेमलं. १९०९ ला कायदा करून त्याला अधिकार दिले. या मंडळानं माणसं मिशनात कोंबली आणि पोरं आयांच्या हातातनं ओढून नेली. नाव बदलत बदलत ते मंडळ १९६९ पर्यंत टिकलं. ‘संरक्षण’ हा शब्द कुठंही दिसला की मी आधी माझं खिसापाकीट चाचपतो.

मेंढरांनंतर आला कापूस. १९६० ला नमॉयवर कीपिट धरण पुरं झालं आणि लगेच कॅलिफोर्नियाचे शेतकरी वी वॉ या गावी येऊन कापूस लावायला लागले. खुरपणीला माणसं लागली. ती कोण? मूलनिवासी. ज्यांची जमीन, तेच तिच्यात मजूर, उन्हात लांब दांड्याचं खुरपं घेऊन ओळीनं. १९७३ ला वी वॉच्या या खुरपणीवाल्यांनी मजुरीसाठी संप केला. पुढं तणनाशकं आणि यंत्रं आली आणि खुरपणीही गेली. जमीन गेली, मग मजुरी गेली. राहिली नदी. तीही कागदावर विकायला निघाली.

हे नीट समजून घ्या, कारण आपल्याकडंही आज ना उद्या हे येणार आहे. तिथं पाण्याचा हक्क जमिनीपासून तोडलाय. नदीतल्या पाण्याचा वाटा वेगळा विकत घेता येतो, साठवता येतो, बाजारात चढ्या भावानं विकता येतो. ज्याला एक गुंठा जमीन नाही तोही पाण्याचा मालक होऊ शकतो, फक्त पैसा पाहिजे. २०२० ला तिथल्या अभ्यासकांनी हिशेब काढला. न्यू साउथ वेल्सच्या आतल्या दहा नदीखोऱ्यांत मूलनिवासी लोकसंख्येच्या ९.३ टक्के आहेत, आणि त्यांच्या संस्थांच्या हातात नदीचं पाणी आहे ०.२ टक्के. शंभर रुपयांत वीस पैसे.

दुष्काळ निसर्गाचा, असं म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक. २०१९ ला त्या राज्याच्याच एका सरकारी आयोगानं बारवन-डार्लिंगचे पाणीवाटपाचे नियम तपासले. निष्कर्ष असा, की वरच्या अंगाच्या उपशामुळं खालच्या नदीवर दुष्काळ तीन वर्षं आधीच येऊन बसला. पाऊस कमी होता हे खरंच. २०१९ हे ऑस्ट्रेलियाचं मोजदाद सुरू झाल्यापासूनचं सगळ्यात कोरडं आणि सगळ्यात तापलेलं वर्ष. हिंदी महासागराचं पाणी पश्चिमेला जादा तापलं आणि पूर्वेला गार पडलं की त्यांचा पाऊस हटतो. त्या साली ते फार जोरात झालं. आपल्याकडच्या त्या वर्षीच्या भरपूर पावसामागंही हे एक कारण धरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये मी इचलकरंजीत नवा होतो आणि पंचगंगा आमच्या खोलीत गुडघाभर शिरली होती. एकाच समुद्राचं हे काम. पण कोण आधी बुडतो आणि कोण आधी तहानतो, ते समुद्र ठरवत नाही.

आता धूर.

सप्टेंबर २०१९ पासून पूर्वेच्या डोंगररांगेत आगी लागल्या. तिकडं तो वसंत. जंगल वर्षानुवर्षांच्या कोरडेपणानं सरपण झालेलं. ८ नोव्हेंबरला ग्लेन इनेसजवळ वायटलिबा ही वस्ती जळाली, दोन माणसं गेली. ११ नोव्हेंबरला राज्यात आणीबाणी. याच पट्ट्यातली आर्मिडेल, टेंटरफील्ड, आणि हद्दीपलीकडचं स्टॅनथॉर्प ही गावं एकाच वेळी तहानलेली आणि धुरात होती. त्यांचं रोजचं जगणं कसं होतं ते वाचताना मला पहाटेची आमची पाळी सुटल्यासारखं वाटलं.

आर्मिडेलमध्ये माणशी दिवसाला १६० लिटर पाण्याची मर्यादा, बागेला थेंब नाही. अंघोळीला उभं राहायचं तर पायाशी बादली ठेवायची, ते पाणी संडासात. स्टॅनथॉर्पला मर्यादा ८० लिटर. तिथलं धरण संपलंच आणि जानेवारी २०२० पासून पाणी वॉरविककडून ट्रकनं येऊ लागलं, रोज तेरा लाख लिटर, पुढं वर्षभराहून जास्त. टेंटरफील्डला नळ चालू होता पण पाणी उकळून प्या अशी सूचना, आठवडेच्या आठवडे. विचार करा, बाहेर चाळीसच्या आसपास ऊन, खिडक्या बंद, आणि घरात चूल पेटवून पिण्याचं पाणी उकळायचं. कपडे बाहेर वाळत घातले की धुराचा वास घेऊन आत यायचे. घराच्या पत्र्यावरनं पावसाचं पाणी टाकीत धरायची तिकडं पद्धत आहे, त्या पत्र्यावर राख. सूर्य दुपारी लाल. दुकानांतले मास्क संपलेले.

सरकारचा सल्ला होता: घरात बसा, दारं-खिडक्या लावा, एअर कंडिशनर लावा. ज्याच्याकडं आपल्या डेझर्ट कूलरसारखा कूलर आहे त्यानं तो बंद ठेवावा, कारण तो बाहेरची हवा, म्हणजे धूर, आत ओढतो. तर ए.सी.वाल्यानं गार हवेत बसायचं आणि कूलरवाल्यानं ठरवायचं, उकाडा का धूर. ज्याच्या भाड्याच्या घराच्या फटींतनं बोट जातं त्यानं दार लावलं काय अन् उघडं टाकलं काय. वॉलगेटसारख्या आतल्या गावांना धुरापेक्षा धुळीनं जास्त छळलं. सुकलेल्या रानाची माती उडून भरदिवसा अंधार व्हायचा. फटींचं गणित तिथंही तेच.

धुराचा कण इतका बारीक असतो की तो नाकाच्या केसांत अडकत नाही, थेट फुप्फुसात उतरतो आणि तिथनं रक्तात. मला हे पुस्तकातनं शिकावं लागलं नाही. ब्लोरूममध्ये रुईचा धुरळा आम्ही रुमाल बांधून खातो. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी छाती आवळते, जुने कामगार त्याला सोमवारचा खोकला म्हणतात. डॉक्टरी नाव बिसिनोसिस. त्या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियात आगीनं थेट ३३ माणसं मेली. धुरानं किती, याचा अंदाज अभ्यासकांनी नंतर काढला: ४१७. आगीत मेला त्याचा फोटो छापून येतो. धुरानं मेलेला म्हातारा दम्यानं मेला म्हणून लिहितात. आमच्या मिलमध्येही कुणी कापसानं मरत नाही, सगळे बिडीनं मरतात.

त्या आगी मूलनिवासींवर अंदाधुंद पडल्या नाहीत. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया मिळून लोकसंख्येत ते २.३ टक्के, पण आगीच्या टापूत राहणाऱ्यांत ५.४ टक्के. आणि यातली खरी चीड आणणारी गोष्ट वेगळीच आहे. या जंगलाला आग कशी लावायची हे ज्यांना माहीत होतं, तेच हे लोक. हजारो वर्षं ते थंडीच्या दिवसांत, दव असताना, गुडघ्याएवढी आग लावत. एक तुकडा या वर्षी, शेजारचा पुढं कधी. पाचोळा जळायचा, झाडाचा शेंडा हिरवा राहायचा, कोवळ्या गवतावर कांगारू यायचे. बिल गॅमेज नावाच्या इतिहासकारानं २०११ ला यावर जाडजूड पुस्तक लिहिलं, की गोऱ्यांनी ज्याला रान समजलं ती राखलेली इस्टेट होती. गोऱ्यांनी आल्यावर या आगी बंद पाडल्या. रानटी लोकांचे चाळे म्हणून. दोनशे वर्षांचा पाचोळा साचला. २०२० च्या चौकशी आयोगानं अहवालात लिहिलं, की मूलनिवासींच्या या ज्ञानाचा उपयोग करून घ्यावा. ज्ञान घ्या म्हणाले. जमीन परत द्या असं त्या वाक्यात नाही.

आता मुख्य गोष्टीकडं येतो, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप.

१२ फेब्रुवारी १९६५ ला सिडनी विद्यापीठाच्या तीसेक पोरापोरींनी एक बस भाड्यानं घेतली. पुढारी चार्ल्स पर्किन्स, मूलनिवासी, फुटबॉल खेळून आणि मजुरी करून शिकलेला. त्यांना आतल्या गावांतला भेदभाव नोंदवायचा होता आणि जगाला दाखवायचा होता. १५ फेब्रुवारीला बस वॉलगेटला आली. तिथं माजी सैनिकांचा क्लब होता. महायुद्धात लढलेल्या मूलनिवासी सैनिकालाही त्यात एरवी प्रवेश नाही. बंदुकीला त्याचा हात चालतो, ग्लासाला चालत नाही. आपल्या पलटणीतल्या आजोबा-पणजोबांना हे वेगळं सांगायला नको. पोरं भर उन्हात क्लबासमोर फलक धरून उभी राहिली. गाव गोळा झालं, शिव्या झाल्या. रात्री ज्या चर्चच्या हॉलमध्ये उतरले होते तिथनं त्यांना हाकललं. गावाबाहेर पडताना एका ट्रकनं बसला ढकलून रस्त्याखाली घातलं. बसमध्ये एक शिकाऊ बातमीदार होता. बातमी देशभर गेली.

तिथनं बस गेली मोरीला. गावाचंच नाव मोरी, माझा दोष नाही. तिथं जमिनीतनं गरम पाणी येतं आणि त्यावर नगरपालिकेचा पोहण्याचा तलाव. १९५५ चा ठराव होता, मूलनिवासींना तलावात प्रवेश नाही. शाळेच्या वेळात शाळेबरोबर आलेल्या पोरांना तेवढी सूट, वेळ संपली की बाहेर. पर्किन्स आणि विद्यार्थी वस्तीतली पोरं घेऊन गेले. पहिल्या दिवशी पोरं आत शिरली, पोहली. २० फेब्रुवारीला पुन्हा गेले तर दार बंद, आणि बाहेर शेकड्यांचा जमाव. अंडी फुटली, टोमॅटो फुटले, थुंकले. ते दारातनं हटले नाहीत. शेवटी ठराव मागं घेण्याचं पालिकेला कबूल करावं लागलं.

चवदार तळ्याची तारीख २० मार्च १९२७. तिथंही पाणी नगरपालिकेचंच होतं. फरक एवढा, की महाडच्या पालिकेनं १९२४ लाच तळं खुलं केल्याचा ठराव केला होता आणि तरी कुणाला पाण्याला हात लावू दिला नव्हता. मोरीत बंदी कागदावर होती, महाडात परवानगी कागदावर होती. बाबासाहेबांना ती परवानगी हायकोर्टातनं पक्की करून घ्यायला १७ मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षं. मला कायद्याचा इतिहास वाचताना नेहमी हे आठवतं, की कागद कुठल्या बाजूनं आहे यावर फार विसंबू नये.

आणि आता हे बघा. मोरीच्या तलावातलं गरम पाणी आणि वॉलगेटच्या नळाला आलेलं खारट पाणी एकाच जमिनीखालच्या साठ्यातलं आहे. ज्या पाण्यात १९६५ ला त्यांच्या पोरांना पाय टाकू दिला नाही, तेच पाणी २०१९ ला त्यांच्या पोरांना पी म्हणून दिलं.

आपलं आणि त्यांचं सगळं एक आहे असं मी म्हणत नाही. काही दोस्त लगेच तसा सूर लावतील म्हणून सांगतो. ते त्या जमिनीचे मूळ मालक, त्यांचं भांडण लुटलेल्या देशाचं. आपल्याला जमीन होतीच कुठं. पण वेळ बघा. २६ जानेवारी १९७२ ला, आपण इथं प्रजासत्ताकाचे झेंडे लावत होतो, तेव्हा कॅनबेराला संसदेसमोरच्या हिरवळीवर चार मूलनिवासी तरुणांनी एक छत्री रोवली आणि म्हणाले, ही आमची वकिलात, कारण आम्ही आमच्याच देशात परके. त्यांतला मायकेल अँडरसन वॉलगेटच्याच बाजूच्या मुलखातला. चार महिन्यांनी, २९ मेला, मुंबईत दलित पँथर. दोघांना एकमेकांची खबर नाही.

१३ फेब्रुवारी २०२० ला राज्यातल्या सगळ्या आगी आटोक्यात आल्याचं जाहीर झालं. पाऊस पडला होता. नद्यांना पाणी आलं, कोरड्या पात्रातनं पुढं सरकणारं ते पहिलं तपकिरी पाणी बघायला गावोगावची माणसं काठावर येऊन उभी राहिली. त्याच आठवड्यात सरकारनं उत्तरेच्या मोठ्या बागायतदारांवरची उपशाची बंदी तीन दिवस उठवली. पहिलं पाणी खाली पोचायच्या आधी.

पर्किन्सच्या त्या बसबद्दल मराठीत कुणाकडं काही छापलेलं असेल तर संपादकांच्या पत्त्यावर पाठवा. वी वॉच्या खुरपणीवाल्यांच्या संपावर मला सवडीनं लिहायचं आहे. त्यात बायका किती होत्या, त्या काय म्हणाल्या, हे शोधतोय. पुढच्या महिन्यात माझी पहिली पाळी आहे, संध्याकाळी वाचनालय उघडं असतं.